काळी शक्ती घ्यावी की सोबती राखावा? रोल-प्लेइंग गेममधला निर्णय कसा घ्यावा

(पुढे तीन गेममधले स्पॉयलर आहेत.)

१. सोबती दुरावतो ती किंमत नेमकी कशाची, ते आधी बघा. शक्तीची, की ती मिळवताना केलेल्या कृत्याची? बहुतेक खेळाडू इथेच गल्लत करतात. ‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’मध्ये (२००९) राक्षशिणीशी सौदा करून ब्लड मॅजिक (रक्ताची निषिद्ध जादू) शिकता येतं, आणि नंतर ते सर्वांदेखत वापरलं तरी सोबती सहसा काही म्हणत नाहीत. रीव्हर (योद्ध्याची एक खास शाखा) होण्यासाठी मात्र त्या जगातली प्रेषित स्त्री अँड्रास्टे हिच्या पवित्र रक्षेत ड्रॅगनचं रक्त ओतावं लागतं. त्या वेळी विन ही सोबती बरोबर असेल तर ती तिथल्या तिथे तुमच्या अंगावर येते. लेलियानाही बहुधा येतेच.

‘स्टार वॉर्स’च्या जगातल्या ‘नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक’मध्येही (२००३) हेच. प्रकाशाच्या बाजूचा जेडाय फोर्स लाइटनिंग (वीज फेकण्याची काळी शक्ती) खुशाल शिकू शकतो, फक्त फोर्स पॉइंट जास्त जातात. त्यावरून पार्टी (तुम्ही आणि सोबती) फुटत नाही.

२. सोबत्याच्या मर्जीचे गुण (अप्रूव्हल) आणि त्याची लक्ष्मणरेषा वेगवेगळी धरा. अप्रूव्हलचे गुण घसरले तर भरून काढता येतात. ‘ओरिजिन्स’मध्ये भेटवस्तू देऊनही काम भागतं (लाच म्हणा हवं तर). लक्ष्मणरेषा ओलांडली की गुण कामाला येत नाहीत. ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये (२०२३) मेंदूतल्या अळ्यांच्या शक्ती वापरल्या तर काही सोबती कुरकुरतात, पण सोडून जात नाहीत. एमराल्ड ग्रोव्हवर हल्ला करून तिथल्या निर्वासितांची कत्तल केली, की विल आणि कार्लाक हे सोबती कायमचे जातात. ही रेषा कुठे आहे ते कॅम्पवरच्या गप्पांतून कळतं, म्हणून डायलॉग वगळत पुढे जाऊ नका.

३. सोबती गेल्यावर नक्की काय जाईल ते मोजा. लढाईतलं नुकसान आपण उगाच मोठं धरतो. ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये पार्टी चौघांचीच असते, बाकीचे कॅम्पवर बसलेले असतात, आणि कॅम्पवरच्या विदर्स या पात्राला १०० सोन्याची नाणी दिली की कुणाचाही क्लास (योद्धा, जादूगार वगैरे) बदलता येतो. म्हणजे कार्लाकची कुऱ्हाड दुसऱ्याच्या हाती देता येईल. तिची क्वेस्ट, तिचे संवाद, तिचा शेवट मात्र गेले. माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेला सोबती राखावा. नवी शक्ती ओळखीची व्हायला दोन-चार लढाया पुरतात. सोबत्याची गोष्ट गेमभर चालते.

४. सेव्ह वेगळी ठेवा. ‘ओरिजिन्स’मध्ये एकदा उघडलेलं स्पेशलायझेशन (रीव्हरसारखी खास शाखा) जुनी सेव्ह लोड केली तरी उघडंच राहतं! रक्षा विटाळा, रीव्हर मिळवा, मागे या. ‘बाल्डर्स गेट ३’च्या ऑनर मोडमध्ये एकच सेव्ह असते, तिथे ही पळवाट नाही.

५. अंधारात जायचंच ठरलं, तर टिकणाऱ्यांवर खर्च करा. ‘नाइट्स’मध्ये लेहॉन ग्रहावरच्या मंदिराजवळ तुम्ही काळी बाजू निवडली, की जोली आणि जुहानी हे सोबती तुमच्यावर उलटतात आणि कार्थ पळ काढतो. कँडरस आणि रोबो एचके-४७ राहतात, आधीच काळ्या बाजूला गेलेली बॅस्टिला परत येते. तेव्हा चांगली शस्त्रं आणि चिलखतं आधीपासून याच मंडळींना द्या, आणि जाणाऱ्यांच्या अंगावरचं सामान वेळेत काढून घ्या.