मीटर लाइट कधी लागते, कधी जाते? आधी या चुका थांबवा

जुनी स्प्लेंडर घेऊन ही तक्रार सांगायला येणाऱ्याने बहुतेक वेळा आधीच नवा बल्ब टाकलेला असतो. लाइट खड्ड्यात जात असेल, हँडल वळवल्यावर किंवा पावसात जात असेल, तर दोष बल्बच्या होल्डरमध्ये, कपलरमध्ये (वायरी जोडायच्या प्लगमध्ये) किंवा अर्थमध्ये, म्हणजे करंटच्या परतीच्या वायरीत शोधायचा. बल्ब विकत आणणं सोपं, म्हणून सगळे तिथूनच सुरुवात करतात.

त्यानंतर बळी जातो बॅटरीचा. १९९४ साली आलेल्या मूळ स्प्लेंडरमध्ये हेडलाइट आणि स्पीडोमीटरची लाइट इंजिन फिरलं की वीज बनवणाऱ्या मॅग्नेटोच्या कॉइलवर, म्हणजे एसीवर चालते. हॉर्न, इंडिकेटर आणि न्यूट्रल लाइट बॅटरीवर. इंजिन बंद असताना मीटर लाइट लागत नाही, हा बिघाडच नाही. म्हणून नक्की कोणती लाइट जाते ते आधी बघा. स्पीडोमीटरची जात असेल आणि हॉर्न दणदणीत वाजत असेल, तर बॅटरीला हात लावू नका. त्या वायरीवर मल्टिमीटर लावताना तो एसीवर ठेवा. डीसीवर ठेवून आलेल्या आकड्यावरून लोक चांगले भाग बदलतात.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती अर्थकडे दुर्लक्ष करण्याची. एका दूधवाल्याची गाडी आली होती. पहाटे अंधारात हँडल उजवीकडे वळवलं की मीटर लाइट मंद व्हायची, हेडलाइट लालसर पडायचा, आणि इंडिकेटर दिला की मीटर लाइट त्याच्याबरोबर लुकलुकायची. बाहेर बल्ब, लाइटचा स्विच आणि अख्खं मीटर बदलून झालं होतं. वायर सलग आहे हे सांगणारी मल्टिमीटरची पिपाणी वाजली, म्हणून वायरिंग चांगलं असं त्याला सांगितलं होतं. पण वायरीच्या आतली एकच बारीक तार शाबूत असली तरी पिपाणी वाजते. हेडलाइटचा पूर्ण करंट त्या एका तारेतून जाऊ शकत नाही.

मी इंजिन चालू ठेवून हेडलाइट लावला. डूममधल्या, म्हणजे हेडलाइटच्या खोळीतल्या, अर्थच्या हिरव्या वायरीपासून इंजिनच्या बोल्टपर्यंत एक सुटी वायर जोडली आणि सगळ्या लाइट लगेच स्थिर झाल्या. म्हणजे परतीचाच रस्ता तुटलेला. वेगळं हँडल बसवताना कुणीतरी चासीच्या गळ्यापाशी, जिथे हँडल वळतं तिथे, हार्नेस (वायरींचा जुडगा) झिप टायने आवळून टाकला होता. रोज वळून वळून आतली हिरवी वायर तुटत आली होती. वरचं कव्हर मात्र शाबूत, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं. खराब तुकडा काढून तेवढ्याच जाडीची वायर घातली. सोल्डरचे जोड वळणापासून लांब ठेवले, कारण सोल्डर कडक असतं आणि वाकलं की त्याच्या कडेलाच वायर तुटते. वर श्रिंक ट्यूब. हँडल दोन्ही टोकांना नेऊन हार्नेसला ढील आहे ना ते पाहिलं, तेव्हाच टाकी बसवली.

वायरी पिळून वर चिकटपट्टी मारू नका. पहिल्या पावसात पुन्हा तेच.

मीटरवर प्रेशरने पाणी मारू नका.

जास्त वॅटचा बल्ब घालू नका. होल्डरचं प्लास्टिक वितळतं. एसी लाइनवर स्वस्त एलईडी लावून ती थरथरते म्हणून वायरिंगला दोष देणारेही भेटतात. तिथे थरथरणारच.

बल्ब वारंवार उडत असतील, विशेषतः रेस वाढवल्यावर, तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर आणि त्याची अर्थची वायर बघा. बल्ब बदलत राहिलात तर एक दिवस हेडलाइटही जाईल.

आणि फक्त न्यूट्रलची लाइट ये-जा करत असेल, तर मीटर उघडायची घाई करू नका. तिला अर्थ मिळतो गिअरबॉक्सवरच्या स्विचमधून. चेनच्या पुढच्या स्प्रॉकेटजवळचं कव्हर काढा, ग्रीस आणि चिखल पुसा, स्विचवरची वायर हलवून बघा. बहुतेक वेळा ती तिथेच सैल झालेली सापडते.