संकष्टीचा चंद्र आणि सात मीटरची सुतळी

परभणीकडच्या एका कॉलेजात मी पदवीच्या पहिल्या वर्षाला खगोलशास्त्राची तोंडओळख शिकवतो. वर्गात निम्मी पोरं बीए-बीकॉमची. सुरुवातीला चंद्रकलांची झकास आकृती फळ्यावर काढायचो, पोरं उतरवून घ्यायची. परीक्षेत मात्र बहुतेकांनी लिहिलं : पृथ्वीची सावली पडते म्हणून चंद्र कमी दिसतो!

आता तास प्रश्नाने सुरू करतो. पौर्णिमेला चंद्र दिवस मावळता उगवतो, मग संकष्टीला उपास सोडायला नऊ का वाजतात? तीन पर्याय देतो. उत्तर बोटांनी दाखवायचं, तेही छातीशी धरून. हात वर करायला लावले की सगळे हुशार पोराकडे बघतात. मग शेजाऱ्याचं उत्तर वेगळं असेल तर त्याला पटवायचं आणि पुन्हा बोटं दाखवायची. हार्वर्डच्या एरिक माझूर यांनी 1990च्या दशकात भौतिकशास्त्रात रुळवलेली ही पद्धत. पहिल्या फेरीत बरोबर उत्तरं साधारण 30 ते 70 टक्के असतील तरच चर्चा रंगते. कमी असतील तर पुन्हा समजावा, जास्त असतील तर पुढे चला. चंद्र रोज सरासरी 50 मिनिटं उशिरा उगवतो, हा हिशेब पोरं आपसात लावतात. तेवढा वेळ गप्प बसणं मला सगळ्यात जड गेलं.

सावलीचं खूळ नुसत्या बोलण्याने जात नाही. त्यासाठी बास्केटबॉल म्हणजे पृथ्वी, टेनिसचा चेंडू म्हणजे चंद्र. दोघांत अंतर किती, ते गटाने ठरवायचं. बहुतेक गट हातभर सांगतात. खरं प्रमाण पृथ्वीच्या 30 व्यासांचं, म्हणजे सात मीटरच्या वर. सुतळी ताणली की चंद्र धरणारा दाराबाहेर व्हरांड्यात! त्यात चंद्राची कक्षा पाच अंशांनी कललेली, म्हणजे एवढ्या अंतरावर चेंडू साठेक सेंटिमीटर वर किंवा खाली जाऊ शकतो. सावली तर तिथे बास्केटबॉलपेक्षाही अरुंद. बहुतेक पौर्णिमांना ती हुकते, आणि अष्टमीला तर चंद्र पार बाजूला असतो.

गट तिघांचाच करा. पाच जणांत दोघं मोबाइलवर असतात. कागद एकच द्या, आणि लिहिणारा दर तासाला बदला, नाहीतर सुवाच्य अक्षराच्या पोरीवर वर्षभर कारकुनी पडते. शेजारच्या वर्गातले सर गोंगाटाची तक्रार करतील. त्यांना आधीच सांगून ठेवा. मी नव्हतं सांगितलं.