फुप्फुसाच्या बीपीवाल्या माणसाला घरी कसं सांभाळायचं
आमच्या आईला पल्मनरी हायपरटेन्शन हाय, म्हणजे हृदयाकडून फुप्फुसात रक्त नेणाऱ्या नळ्यांतलं प्रेशर वाढलं, दंडावर मोजलं तं बीपी नॉर्मलच येते आन् लोक म्हणतात आळस करते. असं बोलू नका जी, सडा टाकताना अर्ध्या अंगणातच तिचा दम भरते. रोज सकाळी चहाच्या आधी वजन करून कॅलेंडरवर लिहा, दोन-तीन दिवसांत 2 किलो वाढलं किंवा पायावर बोट दाबून खड्डा राहिला तं अंगात पाणी साठत असन, लगेच डॉक्टरला फोन करा. लोणचं-पापड कमी. चुलीपासून दूर. गोळ्या आठ दिवस आधीच आणून ठेवा, एकदम बंद झाल्या तं जिवावर बेतते. सिल्डेनाफिल (याच आजाराची एक गोळी) चालू असन तं छातीत दुखलं म्हणून जिभेखाली सॉर्बिट्रेट देऊ नका, बीपी धोकादायक पडते, सरळ दवाखान्यात न्या आन् चालू गोळ्यांची चिठ्ठी दाखवा.