दोघांची वेबसाइट, एकाच्या नावावरचं डोमेन: वाद झाला तर काय करायचं

येवल्याची पैठणी असो, पिंपळगावचे बेदाणे असोत की घरगुती चिवडा, नाशिकमध्ये दोन मित्रांनी मिळून धंदा काढला की कामाची वाटणी बहुधा आपोआप होते. एक जण माल बघतो, दुसरा ‘ऑनलाइनचं’ बघतो. ऑनलाइनचं बघणारा एका रात्रीत स्वतःच्या मेलवरून आणि स्वतःच्या कार्डावरून डोमेन, म्हणजे साइटचं इंटरनेटवरचं नाव, घेऊन टाकतो. तेव्हा कुणाच्याच मनात काही नसतं. पुढे हिशेबावरून खटका उडाला की मगच विचारलं जातं, साइट नक्की कुणाची? याचं एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण वेबसाइट ही एक वस्तूच नाही.

पहिल्या दिवशी एकच पथ्य पाळा: रागात पासवर्ड बदलू नका, काही पुसू नका. ज्याला आत जायचा हक्क आहे त्याला बाहेर ठेवणं किंवा डेटा उडवणं हे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये बसतं. ते अप्रामाणिक हेतूनं केलं असं ठरलं, तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. बॅकअप मात्र त्याच दिवशी घ्या, फाइली आणि डेटाबेस दोन्हींचा, आणि एक प्रत मित्रालाही द्या. त्यानं पुढचं बोलणं फार सोपं होतं.

मग वहीत सहा ओळी आखा: डोमेन, होस्टिंग (साइटच्या फाइली ठेवायची भाड्याची जागा), साइटचा कोड-मजकूर-फोटो, गूगल बिझनेस प्रोफाइल, पेमेंट गेटवे (ग्राहकांचे ऑनलाइन पैसे घेणारी सेवा), व्हॉट्सअ‍ॅप नंबर. प्रत्येकापुढे चार गोष्टी लिहा: खातं कोणत्या मेलवर आहे, कागदोपत्री नाव कुणाचं, पैसे कुठून गेले, मुदत कधी संपते. पाणी कुठं मुरतंय ते या चार रकान्यांतच दिसतं.

खरी नाडी डोमेनची. हूइजमध्ये, म्हणजे डोमेनच्या जाहीर नोंदीत, शोधलं तर हल्ली मालकाचं नाव बहुधा झाकलेलं असतं, त्यामुळे पुरावा म्हणून रजिस्ट्रारच्या (डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या) खात्यात ‘रजिस्ट्रंट’ (डोमेनधारक) म्हणून असलेलं नाव आणि खरेदीचं बिल धरा. दरवर्षी मुदतवाढीचे पैसे कुणी भरले, एवढ्यावरून मालकी ठरत नाही. मुदत जवळ आली असेल तर वाद बाजूला ठेवून दोघांनी निम्मे-निम्मे घालून आधी एक वर्ष वाढवून घ्या. डॉट कॉमची मुदत टळली की साइट थोड्याच दिवसांत बंद पडते. रजिस्ट्रारप्रमाणे जास्तीत जास्त ४५ दिवस नेहमीच्या पैशांत सोडवायला मिळतात, पुढचे ३० दिवस जबर दंड भरून, शेवटचे ५ दिवस काहीच करता येत नाही आणि त्यानंतर नाव कुणीही उचलतं. दोघंही हटून बसले आणि नाव तिसऱ्याच्या हातात गेलं, असं होऊ देऊ नका.

आणखी एक सापळा आहे. रजिस्ट्रारच्या खात्याचा मेल त्याच डोमेनवरचा असेल, तर डोमेन बंद पडताच पासवर्ड परत मिळवण्याचा मेलही बंद पडतो. तो आधी वेगळ्या मेलवर हलवा.

हस्तांतर ठरलं तर शक्यतो त्याच रजिस्ट्रारमधल्या दुसऱ्याच्या खात्यात ढकला, काम लवकर होतं. दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायचं असेल तर डोमेनवरचं कुलूप काढणं, ऑथ कोड (डोमेन हलवायचा गुप्त कोड) घेणं आणि मंजुरी मिळून साधारण ५ दिवस लागतात. इथं क्रम महत्त्वाचा: डॉट कॉमवर मालकाचं नाव किंवा मेल आधी बदलला, तर बहुतेक ठिकाणी ६० दिवस बाहेर हलवता येत नाही. म्हणून आधी हलवा, नाव मग बदला. निघण्यापूर्वी डीएनएसच्या, म्हणजे साइट आणि मेल कुठे पोचवायचे ते सांगणाऱ्या नोंदींच्या, पानाचा स्क्रीनशॉट घ्या: ए, सीनेम, एमएक्स आणि टीएक्सटी या सगळ्या नोंदी. जुन्या रजिस्ट्रारचं फुकट डीएनएस वापरात असेल तर या नोंदी मागेच राहतात. मग साइट कशीबशी उभी राहते, पण मेलची एमएक्स नोंद नसल्यामुळे ऑर्डरचे मेल येणं थांबतं आणि चार दिवस कुणाच्या लक्षातही येत नाही.

कोडचं गणित निराळं आहे. बाहेरच्या डेव्हलपरकडून साइट करून घेतली आणि लेखी करार नसेल, तर पैसे देऊनही कोडचा कॉपीराइट सहसा त्याच्याकडेच राहतो. हक्क लिहून, सही करून द्यावे लागतात, आणि त्यात मुदत लिहिली नाही तर कायदा ती ५ वर्षंच धरतो. तेव्हा तुमच्या दोघांच्या भांडणात तिसरा मालक नाही ना, हे आधी पाहा. पैसे देऊन काढून घेतलेले फोटो मात्र वेगळा करार नसेल तर काढून घेणाऱ्याचे.

गूगलच्या प्रोफाइलवर दोघांना ‘ओनर’ करून ठेवता येतं, हे फार जणांना माहीत नसतं. प्रोफाइल दुसऱ्याकडे असेल तर मालकीची विनंती टाका, त्याला उत्तराला ३ दिवस मिळतात. नव्यानं जोडलेल्या मालकाला पहिले ७ दिवस जुन्यांना काढता येत नाही. पेमेंट गेटवे ज्या बँक खात्याला आणि पॅनला जोडलेलं आहे त्याचंच राहतं, त्यामुळे ते ओढत बसू नका, नवीन काढा. व्हॉट्सअ‍ॅपचा नंबर ज्याच्या आधारवर आहे त्याच्याच हातात असतो. सिमच नावावर करून घ्यावं लागतं.

आता बोलणं. निरोप साधा ठेवा: “हे बघ, साइटचे सहा भाग मी वहीत लिहिलेत, चुकलं असेल तर सांग. तोवर कुणीच काही बदलायचं नाही. शनिवारी सीएकडे बसू.” सीएचं ऑफिस अशासाठी, की तिथं बिलं समोर असतात.

भागीदारी लेखी नसली तरी १९३२ चा भागीदारी कायदा लागू होऊ शकतो. धंद्याच्या पैशातून घेतलेली वस्तू, उलट काही ठरलेलं नसेल तर, धंद्याची धरली जाते. म्हणून डोमेन कार्डावरून घेतलं आणि ते पैसे नंतर धंद्याच्या खात्यातून वळते केले असतील, तर त्या नोंदीला फार वजन आहे. किंमत ठरवताना खर्चाची बिलं आणि साइटवर घातलेले तास एका बाजूला, साइटवरून आलेल्या गेल्या १२ महिन्यांच्या ऑर्डरींचा नफा दुसऱ्या बाजूला मांडा. एकानं डोमेन ठेवायचं, दुसऱ्याला रोख द्यायची, आणि सहा महिने मुख्य पानावर दुसऱ्याच्या नव्या दुकानाची लिंक ठेवायची, ही तडजोड आमच्या मते सर्वात टिकाऊ.

डोमेनच्या वादांचा निवाडा करायला डॉट कॉमसाठी यूडीआरपी आणि डॉट इनसाठी आयएनडीआरपी या व्यवस्था आहेत, पण त्यावर भरवसा ठेवू नका. त्या व्यवस्था नाव बळकावणाऱ्यांसाठी आहेत. मित्रानं सुरुवातीला तुमच्या संमतीनंच डोमेन घेतलं असेल, तर वाईट हेतू सिद्ध करणं अवघड जातं. त्यापेक्षा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मध्यस्थी मागा. वाद ३ लाख किंवा त्याहून जास्त किमतीचा आणि व्यापारी स्वरूपाचा असेल, तर तातडीचा मनाई हुकूम नको असताना दाव्याआधी मध्यस्थी करावीच लागते. नोंदणी नसलेल्या फर्मच्या भागीदाराला कराराच्या हक्कासाठी दावा लावता येत नाही, पण फर्म मोडून हिशेब मागता येतो. चॅट पुरावा म्हणून द्यायचे असतील तर मूळ फोन जपा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत.

समझोत्यावर सह्या झाल्या की त्याच बैठकीत, दोघांच्या समोर, सहाही खात्यांतून जुने यूजर काढा, ओटीपीचा मोबाइल नंबर बदला, ऑटो-रिन्यूवरचं जुनं कार्ड काढा आणि शेवटी साइटवर एक रुपयाची ऑर्डर टाकून पैसे कुणाच्या खात्यात येतात ते बघा.