भाव किती, आणि पडलं कितीला?

गौरी-गणपतीला घरात चौदा माणसं आणि नेमकं तेव्हाच वहिनीचं वॉशिंग मशीन बंद पडलं. मेकॅनिक म्हणाला, बोर्ड गेलाय, सहा-सात हजार लागतील. मशीन अकरा वर्षांचं. त्यावर आणखी खर्च करण्यात अर्थ नव्हता. दादा मोबाइल हातात घेऊनच बसला होता. म्हणाला, "ऑनलाइन मागवून टाकतो, दुकानापेक्षा तीन हजारांनी स्वस्त आहे." मी त्याला म्हटलं, मला संध्याकाळपर्यंत वेळ दे.

आमच्या नात्यात मोठी खरेदी निघाली की फोन मला येतो. ही सवय आईकडून आली. डोंबिवलीच्या आमच्या जुन्या घरी महिन्याचं सामान मुंबई ग्राहक पंचायतीतून, म्हणजे घरांचे गट करून एकत्र घाऊक खरेदी करणाऱ्या संस्थेतून, यायचं आणि गटातल्या बायका आमच्याच हॉलमध्ये ज्याचं त्याचं सामान वेगळं लावायच्या. आईच्या वहीत प्रत्येक वस्तूपुढे दोन रकाने असायचे. एक 'भाव', दुसरा 'पडलं'. भाव म्हणजे दुकानदार सांगतो तो. पडलं म्हणजे रिक्षा, हमाली, खराब निघालेला माल, सगळं धरून वस्तू घरात केवढ्याला आली ते. ऑनलाइन आणि दुकान यांची तुलना करताना लोक पहिला रकाना पाहतात आणि तिथेच थांबतात. दुसरा रकाना कसा भरायचा, ते सांगते.

सुरुवात मॉडेल नंबरापासून करा. 'आठ किलो, फ्रंट लोड, पांढरं' एवढ्यावर तुलना होत नाही. पुष्कळ कंपन्या ऑनलाइन विक्रीसाठी एक मॉडेल काढतात आणि दुकानांसाठी जवळपास तसंच दुसरं. नंबरातलं शेवटचं एखादं अक्षर तेवढं बदललेलं असतं. फरक कधी नुसता दाराच्या रंगाचा असतो, कधी आत हीटर नसतो, कधी मोटरची वॉरंटी कमी असते. म्हणून दुकानातल्या स्टिकरचा फोटो काढा आणि पूर्ण नंबर अक्षर न् अक्षर जुळवा. एसी किंवा फ्रिज असेल तर वीजबचतीच्या ताऱ्यांच्या लेबलवरचं वर्षही बघा. एसीच्या ताऱ्यांचे निकष जुलै २०२२ मध्ये कडक झाले आणि आधीचे पंचतारांकित एसी चार ताऱ्यांवर आले. पाच तारे बघून जुना स्टॉक स्वस्तात घेतलात, तर उरलेले पैसे विजेच्या बिलात जातात.

एमआरपीवर किती टक्के सूट आहे, हे मी बघतसुद्धा नाही. टीव्ही, फ्रिज, मशीन एमआरपीला कोणीच विकत नाही, त्यामुळे '३८ टक्के सूट' या आकड्यातून काही कळत नाही. ऑनलाइन खरेदीला कर कमी लागतो, असंही लोक बोलतात. ते खरं नाही. जीएसटी दोन्हीकडे एकच. मात्र जुने भाव लिहून ठेवले असतील तर एक तारीख लक्षात ठेवा: २२ सप्टेंबर २०२५ पासून एसी आणि ३२ इंचांवरचे टीव्ही २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आले. त्याआधीच्या भावाशी आजचा भाव ताडून बघितलात तर स्वस्ताई दुकानाने केली असं वाटेल, पण ती कराची असेल.

आता मशीनकडे येते. मी तीन ठिकाणी भाव काढला. स्टेशनजवळच्या मोठ्या साखळी दुकानात लेबल होतं ३६,४९० चं. त्याच साखळीच्या वेबसाइटवर, आमचा पिनकोड टाकल्यावर, ३३,९९०. आणि दादाने बघितलेल्या ऑनलाइन बाजारात ३३,४९०, शिवाय एका बँकेच्या क्रेडिट कार्डावर १,५०० सूट. ते कार्ड आमच्या घरात कोणाकडेच नाही, म्हणून ते १,५०० मी हिशोबातून काढून टाकले. ही चूक फार जण करतात. स्क्रीनवर 'तुम्हाला पडेल' म्हणून जो ठळक आकडा दिसतो, त्यात आपल्याकडे नसलेल्या कार्डाची सूट आधीच वजा केलेली असते. पेमेंटच्या शेवटच्या पानापर्यंत जा आणि तिथला आकडा लिहून घ्या.

एकाच साखळीच्या दुकानात आणि वेबसाइटवर अडीच हजारांचा फरक का? वेबसाइटला रोज इतर ऑनलाइन विक्रेत्यांशी टक्कर द्यायची असते, म्हणून तिथला भाव दिवसातून दोनदासुद्धा हलतो. दुकानातलं लेबल छापील असतं आणि त्यात घासाघीस करायला जागा ठेवलेली असते. जो विचारत नाही, तो लेबलचा भाव देऊन जातो. माझी मावसबहीण न्यू जर्सीला असते. तिकडे टार्गेट, बेस्ट बायसारख्या दुकानांची प्राइस मॅचची लेखी पॉलिसीच आहे, स्वतःच्या वेबसाइटचा भाव दाखवला की काउंटरवर तोच लावतात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी असं लिहिलेलं काही नसतं. मागावं लागतं.

मागायचं कोणाकडे, हे महत्त्वाचं. मशीनपाशी कंपनीचा टी-शर्ट घालून उभा असलेला मुलगा बहुधा त्या ब्रँडचा माणूस असतो, दुकानाचा नसतो. माहिती तो छान देतो, पण भाव त्याच्या हातात नसतो. आणि दुसऱ्या ब्रँडकडे तो तुम्हाला जाऊ देणार नाही, कारण त्याचं टार्गेट त्याच्या ब्रँडवर असतं. माहिती त्याच्याकडून घ्या, भावासाठी फ्लोअर मॅनेजरला बोलवा. शनिवार-रविवारच्या गर्दीत त्याला वेळ नसतो. आम्ही सोमवारी संध्याकाळी गेलो आणि मी मॅनेजरला विचारलं:

"साहेब, हेच मॉडेल तुमच्याच वेबसाइटवर ३३,९९० ला आहे. इथे ३६,४९० का?"

"मॅडम, ऑनलाइनचं वेगळं असतं."

"बिल तुमच्याच कंपनीचं ना? मग मी इथेच उभी राहून ऑर्डर टाकते आणि 'स्टोअर पिकअप' करते. माल इथलाच जाईल, पण विक्री तुमच्या नावावर नाही लागणार."

तो हसला, कॉम्प्युटरवर बघून आला आणि म्हणाला, "करून देतो. पण यावर अजून काही कमी नाही होणार."

आवाज चढवायचा नाही, खोटं बोलायचं नाही. स्क्रीनवर मॉडेल नंबर, पिनकोड आणि 'स्टॉकमध्ये आहे' हे तिन्ही दिसलं पाहिजे, म्हणजे त्यालाही वर विचारायची वेळ आली तर सोपं जातं. भाव ठरला की मग बाकीचं काढायचं. आधी काढलंत तर ते भावात मिसळून टाकतात. मी विचारलं, स्टँड? तो त्यांनी बिलात न लावता दिला. जुन्या मशीनचे दोन हजार धरले. तिसरा मजला, लिफ्ट नाही. वर चढवण्याचे पैसे? नाही. हे सगळं बिलाच्या मागे लिहून, सही घेऊन आणलं.

मग घरी येऊन दादासमोर दुसरा रकाना भरला. ऑनलाइन: मशीन ३३,४९०, डिलिव्हरी आणि हाताळणी ९९, फिटिंगला येणाऱ्या माणसाकडून स्टँड ९००, म्हणजे ३४,४८९. जुन्या मशीनचे १,२०० वजा केले, राहिले ३३,२८९. दुकान: ३३,९९० वजा दोन हजार, म्हणजे ३१,९९०. ज्याचा भाव पाचशेने जास्त होता, ते १,२९९ रुपयांनी स्वस्त पडलं. आणि ऑनलाइनवाल्यांचा जुना माल बघायला येणारा माणूस दारात 'हे चालणार नाही' म्हणाला असता, तर ते १,२०० सुद्धा गेले असते.

दुकानच नेहमी स्वस्त पडतं असं मात्र माझं म्हणणं नाही. त्याच महिन्यात भाचीला मोबाइल घ्यायचा होता. भाव दोन्हीकडे १८,९९९. ऑनलाइनला आमच्याच बँकेच्या कार्डावर १,५०० सूट होती, दुकानात ती दुसऱ्या बँकेवर होती. मोबाइलला ना फिटिंग, ना स्टँड, ना जिना. तो ऑनलाइनच घेतला, १७,४९९ ला. जी वस्तू खोक्यातून काढली की चालू होते, तिचा भाव आणि पडलं यांत फार अंतर नसतं. जिला बसवायला माणूस लागतो, चढवायला हमाल लागतो किंवा जी बिघडल्यावर कोणाचं तरी दार ठोठवावं लागतं, तिथे अंतर वाढत जातं.

ऑनलाइन घेताना विक्रेत्याचं नाव नक्की बघा. परदेशी भांडवल असलेल्या ऑनलाइन बाजारांना आपल्याकडे स्वतःचा माल विकता येत नाही, ते फक्त बाजार चालवतात. त्यामुळे एकाच पानावर तोच मिक्सर तीन विक्रेते तीन भावांना विकत असतात आणि सगळ्यात स्वस्त विक्रेत्याचं बिल कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला चालेलच असं नाही. परतीची अटही तिथेच वाचा. मोठ्या उपकरणांना बहुतेकदा 'फक्त बदलून मिळेल' असं लिहिलेलं असतं. म्हणजे वस्तू पसंत पडली नाही म्हणून पैसे परत मिळत नाहीत.

हप्त्यांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण तिथे शिकलेली माणसंसुद्धा फसतात. 'नो कॉस्ट ईएमआय' म्हणजे बिनव्याजी नव्हे. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही, असं रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना स्पष्ट बजावलं होतं. बँक व्याज लावतेच, विक्रेता तेवढी रक्कम सूट म्हणून आधी कमी करतो. समजा वस्तू ३०,००० ची, सहा हप्ते, व्याजदर १५ टक्के. हप्ता बरोबर ५,००० येतो, पण त्यातले साधारण १,२७० व्याज असतं आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २२९ रुपये, तुमच्या कार्डावर वेगळे लागतात. प्रोसेसिंग फी १९९ असेल तर जीएसटी धरून ती २३५. झाले ४६४ रुपये. हे दुकानातही लागतात आणि ऑनलाइनही. म्हणून दोन्हीकडे एक प्रश्न विचारा: एकरकमी दिले तर भाव किती? बरेचदा जी सूट ईएमआयला मिळते तीच, कधी त्याहून जास्त, एकरकमीला मिळते.

किराण्याचं गणित वेगळं आहे. तिथे एमआरपी हीच वरची मर्यादा, तिच्यापुढे कोणीही घेऊ शकत नाही. एकाच मालावर दोन ठिकाणी दोन एमआरपी छापायलाही १ जानेवारी २०१८ पासून बंदी आहे. म्हणून टूथपेस्टची ट्यूब सारखीच दिसत असेल आणि एमआरपी वेगळी असेल तर वजन बघा, एक १५० ग्रॅमची असेल आणि दुसरी १४० ची. पाकिटावर आता एमआरपीशेजारी ग्रॅममागे किंवा किलोमागे किती पडतं तेही छापलेलं असतं, तेच दोन आकडे लावून बघायचे. दहा मिनिटांत आणून देणाऱ्या ॲपवर परवा माझी टोपली २४० ची होती. शेवटच्या पानावर डिलिव्हरी ३०, हाताळणी ११, छोट्या ऑर्डरचे २०, असे ३०१ झाले. तेच सामान सुपरमार्केटात २४६ चं होतं. शेअर रिक्षाचे जाऊन-येऊन तीस धरले तरी २७६. पाऊस असेल, घरी म्हातारं माणूस असेल, तर ते पंचवीस रुपये द्यावेत, त्यात काही चुकत नाही. फक्त ते दिले हे आपल्याला माहीत असावं. कितीच्या वर डिलिव्हरी फुकट होते ते बघून पंधरा दिवसांची यादी एकदम टाकली तर तेही वाचतात.

मुंबई, ठाण्यात डी-मार्टचं दुकान आणि डी-मार्ट रेडी हे ॲप, दोन्ही वापरणारी घरं खूप आहेत. मालक एकच असला तरी ॲप वेगळी उपकंपनी चालवते. दुकानात पाहिलेला भाव ॲपवर असेल असं गृहीत धरू नका, दोन्ही बघा.

बिल हातात आलं की काउंटरवरून हलायच्या आधी ओळ न् ओळ वाचा. वाढीव वॉरंटी, 'इन्स्टॉलेशन किट', स्क्रीन गार्ड, असं न सांगता घुसवलेलं दिसलं तर तिथेच काढायला लावा. ऑनलाइन टोपलीत अशी वस्तू आपोआप टाकणं, किंवा शेवटच्या पानावर जादा आकार उघड करणं, हे ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत नावानिशी दिलेल्या १३ फसव्या क्लृप्त्यांत येतं. मशीनचा सिरियल नंबर बिलावर आहे का आणि तो खोक्यावरच्या नंबराशी जुळतो का, हेही बघा. वॉरंटीच्या वेळी तोच विचारतात.

काही बिघडलं तर आधी विक्रेत्याला लेखी कळवा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. मराठीतही बोलता येतं. दोन वर्षांपूर्वी एका दुकानाने ऑनलाइन भावाला मिक्सर देतो म्हणून पैसे घेतले आणि बिलात चारशे जास्त लावले. मी हेल्पलाइनला तक्रार केली, नवव्या दिवशी पैसे परत आले. तिथे नाही निभावलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो तिथूनच तक्रार करता येते, विक्रेता कुठल्याही गावचा असो, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. त्यासाठी तीन कागद जपा: शेवटच्या पेमेंट पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट, बिल, आणि दुकानदाराने जे कबूल केलं त्याची सही. वहिनीच्या मशीनचे तिन्ही मी वहीत चिकटवलेत, 'पडलं' या रकान्यासमोर.