डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेताना: आधी नाव बघा, मग कोड मागा

वेबसाइट करून घेताना डोमेनही बहुतेक वेळा डेव्हलपरच काढून देतो. पुढे दरवर्षी पैसे तुम्ही भरता आणि डोमेन आपलंच आहे असं धरून चालता. पण वीजबिल भरलं म्हणून भाडेकरू घरमालक होत नाही. रजिस्ट्रार म्हणजे डोमेन नोंदवून देणारी कंपनी. तिच्या नोंदीत 'रजिस्ट्रंट' म्हणजे नोंदणीधारक म्हणून ज्याचं नाव, डोमेन त्याचं. त्यातही 'ऑर्गनायझेशन'चा रकाना भरलेला असेल तर व्यक्तीच्या नावापेक्षा तो रकाना वरचढ ठरतो. तिथे डेव्हलपरच्या फर्मचं नाव असेल, तर कागदोपत्री डोमेन त्या फर्मचं आहे.

म्हणून पहिलं काम तपासणीचं. आयकॅन ही डोमेनचे जागतिक नियम ठरवणारी संस्था; तिच्या लुकअप पानावर डोमेन टाका. डोमेनची नोंद शोधण्याची हूइज ही जुनी पद्धत जाऊन आता ही माहिती आरडॅप या नव्या पद्धतीतून येते. नाव-पत्ता बहुधा झाकलेला असतो, त्यामुळे मालक कोण हे इथे कळेलच असं नाही. पण रजिस्ट्रार कोण, डोमेन कधी काढलं, मुदत कधी संपते, नेमसर्व्हर (डोमेनची साइट आणि मेल कुठे आहेत हे सांगणारे सर्व्हर) कोणते आणि 'क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड' हे कुलूप लागलंय का, एवढं नक्की दिसतं. मालकाचं नाव बघायला डेव्हलपरला रजिस्ट्रारच्या खात्यात लॉगइन करून संपर्क-माहितीचं पान दाखवायला सांगा. नुसतं बिल दाखवलं तर ऐकू नका.

नाव दुसऱ्याचं निघालं तर डोमेन लगेच हलवण्याच्या फंदात पडू नका. नव्या जागी तुमचं खातं उघडण्याऐवजी आहे त्याच रजिस्ट्रारकडे उघडा आणि डोमेन त्या खात्यात 'पुश' करून, म्हणजे त्याच कंपनीत एका खात्यातून दुसऱ्यात सरकवून घ्या. नाव बदललं की साधारणपणे ६० दिवस दुसरीकडे नेता येत नाही. पण चावी तुमच्या हातात आली, मग दोन महिने थांबायला हरकत नाही. याउलट नाव आणि ईमेल आधीच तुमचे असतील, तर ट्रान्सफरच्या तोंडावर त्यांना हात लावू नका. 'जाता जाता ईमेल बदलून टाकू' म्हणणारे याच ६० दिवसांत अडकतात. डोमेन नवं काढल्यावर किंवा एकदा हलवल्यावरही पहिले ६० दिवस ते हलत नाही.

मुदत संपायला निदान महिनाभर असताना कामाला लागा. डॉट कॉमची मुदत संपली की रजिस्ट्रारवर अवलंबून रिन्यू करायला ४५ दिवसांपर्यंत सवलत मिळते, मग ३० दिवसांचा रिडेम्प्शन (दंड भरून सोडवण्याचा काळ), शेवटी ५ दिवसांनी नाव सगळ्यांसाठी मोकळं. रिडेम्प्शनमध्ये ट्रान्सफर होत नाही, आधी दंड भरून सोडवावं लागतं. आणि एक आतली गोष्ट: मुदत संपल्यावर रिन्यू करून त्याच ४५ दिवसांत डोमेन हलवलं, तर रिन्यूचं ते वर्ष रद्द होऊ शकतं. ट्रान्सफरचं एक वर्ष मिळतं, पैसे मात्र दोन वर्षांचे जातात.

आता खरा घोळ जिथे होतो ते: डीएनएस, म्हणजे डोमेनच्या नावावरून साइट आणि मेलचा सर्व्हर शोधून देणारी यंत्रणा. ट्रान्सफरने नेमसर्व्हर आपोआप बदलत नाहीत. पण ते जुन्या रजिस्ट्रारचेच फुकट नेमसर्व्हर असतील, तर डोमेन गेल्यावर ते केव्हाही बंद होतात. साइट आणि मेल दोन्ही झोपतात. म्हणून आधी सगळ्या नोंदी नव्या जागी उतरवा: ए आणि सीनेम (साइटचा पत्ता), एमएक्स (मेलचा सर्व्हर) आणि टीएक्सटी (मजकुराच्या नोंदी). टीएक्सटीमध्ये एसपीएफ, म्हणजे तुमच्या नावाने मेल पाठवायची परवानगी कोणाला ही यादी असते, ती सुटली तर तुमच्या मेल स्पॅममध्ये जाऊ लागतात आणि आठवडाभर कोणाच्या लक्षातही येत नाही. डीकेआयएमची (मेलवरची सही तपासायच्या किल्लीची) नोंद उपनावाखाली दडलेली असते, मेल सेवेच्या पानावरून ते उपनाव शोधून घ्या. नोंदी जुळल्या की नेमसर्व्हर बदला आणि दोन दिवस थांबा, कारण डॉट कॉममध्ये नेमसर्व्हरचा टीटीएल, म्हणजे जुनी नोंद इतरांकडे साठून राहण्याचा काळ, १,७२,८०० सेकंदांचा आहे.

डीएनएससेक (डीएनएसच्या उत्तरांवर डिजिटल सही करायची सोय) चालू असेल तर नेमसर्व्हर बदलण्याआधी डीएस नोंद (त्या सहीच्या किल्लीची खूण) काढा आणि एक पूर्ण दिवस जाऊ द्या. ती तशीच राहिली तर नव्या सर्व्हरची सही जुन्या किल्लीशी जुळत नाही. मग सही तपासणारे रिझॉल्व्हर (इंटरनेट कंपनीकडचे नाव शोधून देणारे सर्व्हर) साइट उघडत नाहीत आणि न तपासणारे उघडतात. 'माझ्याकडे चालतंय, त्याच्याकडे नाही' अशी तक्रार आली की पहिला संशय इथे घ्या.

एवढं झाल्यावर कुलूप काढा आणि ऑथ कोड, म्हणजे डोमेन हलवण्याचा परवलीचा कोड मागा. कुठे त्याला ईपीपी कोड म्हणतात. खात्यातून मिळत नसेल तर मागितल्यापासून ५ दिवसांत द्यायला रजिस्ट्रार बांधील आहे. वेबसाइटच्या डिझाइनचे पैसे थकले, हे डॉट कॉम अडवण्याचं वैध कारण नाही. डोमेनचीच फी थकली असेल तर अडवता येतं. टाळाटाळ झाली तर आयकॅनच्या कंप्लायन्स (नियमपालन) विभागाकडे ट्रान्सफरची तक्रार करता येते, मात्र ती रजिस्ट्रारविरुद्ध, डेव्हलपरविरुद्ध नाही. डॉट इन आणि डॉट भारत यांना हे आयकॅनचे नियम लागू नाहीत. ते निक्सी (नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया) या संस्थेच्या कारभारात येतात, त्यामुळे मुदती आणि अटी रजिस्ट्रारकडून आधी विचारून घ्या.

कोड नव्या रजिस्ट्रारकडे टाकून पैसे भरले की जुन्याकडून मेल येते. मान्य करा म्हणजे काम लवकर उरकतं. काहीच उत्तर दिलं नाही तरी ५ दिवसांनी डोमेन जातं. ही मेल ज्या संपर्काच्या ईमेलवर येते, तो त्याच डोमेनवरचा नसावा. डीएनएस बिघडला की सोडवणुकीची मेलही त्याच बंद पेटीत पडते.

शेवटी पुन्हा आरडॅप बघा: रजिस्ट्रार नवा, मुदत एका वर्षाने पुढे. कुलूप परत लावा, डीएस नोंद काढली असेल तर ती नव्याने घाला. नव्या रजिस्ट्रारने पाठवलेली ईमेल-पडताळणीची लिंक त्याच दिवशी दाबा. ती जाहिरातीसारखी दिसते म्हणून राहून जाते आणि १५ दिवस उत्तर नाही मिळालं की चांगलं चालतं डोमेन निलंबित होऊ शकतं.