ऑडिशनला जाताय? मग पाठांतर चालीसकट करू नका

इथं कोल्हापुरात आमच्या पतसंस्थेत शेजारच्या काउंटरला नवीन लागलेल्या मुलीनं परवा विचारलं, ताई तुम्ही नाटकात असता ना, आमच्या भागातल्या संस्थेच्या ऑडिशन आहेत पुढच्या महिन्यात, यंदा तीन नाटकं बसवणार म्हणतायत, मी जाऊ का. म्हटलं जा की. आणि मग डबा संपेपर्यंत तिला जे जे सांगत बसले ते सगळं इथं लिहून काढतेय, कारण मला हे कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यापायी माझी दोन वर्षं गेली.

हौशी संस्था म्हणजे काय, पैसे मिळत नाहीत, नोकरी सांभाळून रात्री तालमी, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते. आपल्याकडं सीझन साधारण असा असतो: पावसाळ्यात ऑडिशन आणि वाचनं, गणपती गेले की तालमी जोरात, 5 नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिनाचं नटराजपूजन, आणि त्याच्या आगेमागे राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीची गडबड. शिवाय एखादं बालनाट्य, एखादी एकांकिका. म्हणजे तुम्ही एका ऑडिशनला जाता तेव्हा टेबलामागं दोन-तीन दिग्दर्शक बसलेले असतात आणि प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं नाटक असतं. एकाला सासू पाहिजे, एकाला झाड पाहिजे, एकाला नुसती चांगली ऐकणारी मुलगी पाहिजे. तुम्ही घरी ठरवून आणलेलं त्यातल्या कशातच बसत नाही असं सहज होऊ शकतं.

आता माझं सांगते. 2022 ची ऑडिशन, शाळेचा हॉल, वर पत्रा आणि बाहेर धो धो पाऊस. मी एक मोठं स्वगत पाठ केलेलं, तीन पानांचं, एका नामवंत अभिनेत्रीचा व्हिडिओ बघून बघून. शंभरदा तरी बघितला असेल. ती जिथं श्वास घेते तिथं मी घ्यायची, तिचा आवाज जिथं कापरा होतो तिथं माझाही व्हायचा. घरी म्हणून दाखवलं तर आईच्या डोळ्यात पाणी आलं. हॉलमध्ये पण अख्खं म्हटलं, एक शब्द इकडचा तिकडं नाही. दिग्दर्शक सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, छान, आता खाली बस, मांडी घाल. समोर तुझी धाकटी बहीण झोपलीय. ती उठू नये अशा आवाजात हेच परत म्हण.

आणि मला शब्दच येईनात. वाईट झालं असं नाही म्हणत मी, आलेच नाहीत. पहिलं वाक्य हळू म्हटलं आणि दुसरं आठवेना. परत पहिल्यापासून सुरू केलं, परत तिथंच अडकले. उभी राहून मोठ्यानं म्हण म्हटले असते तर तिन्ही पानं घडाघडा आली असती, पण बसून, हळू आवाजात एक ओळ पुढं सरकेना. आणि माझा उजवा हात आपोआप वर गेला, त्या व्हिडिओतल्या बाईंचा त्या वाक्याला जातो तसाच. हात वर, बोटं पसरलेली, आणि तोंडातनं वाक्य नाही. पत्र्यावर पाऊस वाजतोय आणि सगळे माझ्या त्या हाताकडं बघतायत. सर म्हणाले, असू दे, ये तू. ते चांगल्या मनानं म्हणाले हे आज कळतं, त्या दिवशी मी रंकाळ्यापर्यंत रडत चालत गेले.

काय झालं होतं ते कळायला मला वर्ष लागलं. मी शब्द पाठ केलेच नव्हते, मी चाल पाठ केली होती. पाढ्यांचं बघा, साती चोक किती असं कुणी मधनंच विचारलं तर आपल्यातले निम्मे लोक साती एके सातपासून म्हणत येतात. आरतीचं दुसरं कडवं मधनं सुरू करा म्हटलं की गाडी अडकते. शब्द चालीला चिकटलेले असतात, चाल काढून घेतली की शब्द पण जातात. आणि दिग्दर्शक पहिल्यांदा चालच काढून घेतो. बसून म्हण, हसत म्हण, पाठमोरी म्हण, भाजी निवडताना म्हण. तो तुम्हाला छळत नसतो, त्याला पुढचे दोन-अडीच महिने रोज रात्री तुमच्याबरोबर काम करायचं असतं, आज एक सांगितलं आणि उद्या बदललं तर ही मुलगी बदलू शकते का एवढं त्याला बघायचं असतं.

इथं थांबून एक सांगते कारण लोक म्हणतात आम्ही नाही बाबा व्हिडिओ बघून करत. मी पण 2023 ला हेच म्हणत होते. व्हिडिओ सोडला, आपलं आपण बसवायचं ठरवलं, आणि महिनाभर आरशासमोर उभी राहून बसवलं. परिणाम तोच! फरक एवढाच की आता चाल माझी स्वतःची होती. त्या वर्षी जोडीनं वाचायला दिलं, समोर एक मुलगा, नवरा-बायकोचा प्रवेश. दहा मिनिटं आधी कागद मिळाले तर मी बाहेर जिन्यात जाऊन त्या दहा मिनिटांत पण चाल बसवली, कुठं चिडायचं, कुठं थांबायचं सगळं. तो मुलगा आला आणि त्यानं त्याचं वाक्य इतकं मऊ म्हटलं, माफी मागितल्यासारखं, आणि मी ठरवल्याप्रमाणं त्याच्यावर ओरडले. कारण माझ्या डोक्यात तो चिडूनच बोलणार होता. मी त्याचं ऐकलंच नव्हतं. मी माझी पाळी यायची वाट बघत होते फक्त.

त्या वर्षी मला भूमिका मिळाली नाही, पण प्रॉम्प्टिंगला ये म्हणून फोन आला, आणि खरं शिक्षण तिथं झालं. विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या बाजूच्या पडद्याआड, स्टुलावर बसून, मांडीवर संहिता, हातात बॅटरी, आडोशानं ओळी सांभाळायच्या, कुणी अडकलं की पुढची ओळ हळूच द्यायची. अडीच महिने मी हे बघितलं की ओळ कोण विसरतो. सरावाला आळशी असणारे विसरतातच, पण त्यांच्या खालोखाल विसरतात ते गाण्यासारखं पाठ करणारे. समोरच्यानं एक शब्द इकडचा तिकडं केला की हे गप्प. आणि ज्यांना आपण हे का बोलतोय ते माहीत असतं त्यांना शब्द चुकला तरी वाट सापडते. आमच्याकडं एक काकू आहेत, साठीच्या, त्यांची ओळ मी पूर्ण सीझनमध्ये एकदाच उचलून दिली. त्या पाठ कशा करतात विचारलं तर म्हणाल्या, भाकरी थापताना. तेवढंच. पण त्या एका वाक्यावरनं मी माझी पद्धत बसवली.

ती सांगते, तुम्हाला पटली तर घ्या. उतारा लहान घ्या, दीड मिनिटाचा पुष्कळ झाला, तीन पानं कुणी ऐकत नाही. तो हातानं लिहून काढा, आणि लिहिताना स्वल्पविराम, पूर्णविराम, उद्गारचिन्ह काही घालू नका, सलग लिहा, म्हणजे कुठं थांबायचं ते कागद तुम्हाला शिकवणार नाही. मग पाठ करताना किराणा मालाची यादी वाचल्यासारखं सपाट म्हणा. अगदी कोरडं. भावना आली की थांबा, परत कोरडं. भांडी घासताना, केर काढताना, गाडीवर हेल्मेटच्या आत. घरातल्या कुणालातरी कागद द्या आणि सांगा मधलीच कुठलीही ओळ म्हण, मी पुढची म्हणते. हे जमलं की मगच तो उतारा वेगवेगळ्या प्रकारे म्हणून बघा: एकदा बस सुटतीय अशा घाईत, एकदा लहान पोराला समजावल्यासारखं, एकदा पोटात दुखतंय आणि कुणाला कळू द्यायचं नाही असं. यातला कुठलाच प्रकार पक्का करू नका! तिथं जाऊन कुठला म्हणायचा तेही ठरवू नका. शब्द मोकळे पाहिजेत, बाकी तिथलं तिथं होतं.

जोडीच्या वाचनाचं असं की कागद पोटाशी धरू नका, मान खाली जाते आणि टेबलामागच्यांना तुमचा फक्त भांग दिसतो. छातीच्या उंचीला धरा, एक ओळ नजरेत घ्या, मान वर करा, समोरच्याला बघून म्हणा. मध्ये दोन सेकंद गेले तर जाऊ देत. आणि समोरचा बोलत असताना कागदात आपली पुढची ओळ शोधत बसू नका, त्याचं तोंड बघा. टेबलामागची माणसं तुम्ही बोलताना बघतात त्यापेक्षा तुम्ही ऐकताना जास्त बघतात, हे मी प्रॉम्प्टर म्हणून त्यांच्या शेजारी बसून ऐकलंय.

आता भाषेबद्दल, कारण कोल्हापूरच्या मुलींना याची लई भीती असते. आमच्या पेठेत आम्ही मुली मी आलो, मी गेलो, मी जेवलो असंच बोलतो, पोरांसारखं. कॉलेजला बाहेरच्या मुली हसायच्या म्हणून मी ते दाबून टाकलेलं. ऑडिशनला घाबरले की नेमकं तेच तोंडातनं येणार, मग त्या भीतीनं अजून आखडायला होतं. माझं मत स्पष्ट आहे, न आणि ण, स आणि श यावर रोज मेहनत घ्या, ती चूक खपत नाही आणि खपू पण नये. संहितेत मी येते असं असेल तर मी येतेच म्हणा, स्पर्धेच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकाच्या सेन्सॉरचं, प्रमाणपत्र असतं, मनानं वाक्यं बदलायची नसतात. पण तुमचा हेल म्हणजे चूक नव्हे. तो कधी लावायचा आणि कधी बाजूला ठेवायचा हे हातात आलं पाहिजे, मुळापासनं खरवडून काढू नका. मला तिसऱ्या वर्षी जी भूमिका मिळाली ती त्या हेलामुळंच.

फॉर्मबद्दल थोडक्यात. तारखा खऱ्या लिहा. मार्चएंड, बहिणीचं लग्न, नाइट शिफ्ट, जे असेल ते आत्ताच लिहा, शिरोलीच्या एमआयडीसीत शिफ्टला जाणारी चार जणं आमच्यात आहेत, त्यांच्या पाळ्या बघून तालमी लावतात, अडत नाही. अडतं ते ऑक्टोबरमध्ये सांगितलं की. बॅकस्टेजला चालेल का या रकान्यात होय लिहिलं तर मनापासून लिहा. तालीम रात्री साडेदहाला सुटते, कधी अकरा, परत कसं जायचं हे घरी बोलून मग जा, केएमटीच्या, म्हणजे शहर बसच्या, भरवशावर राहू नका. मुलींनी हा प्रश्न ऑडिशनलाच विचारावा, बिनधास्त. जी संस्था या प्रश्नावर कपाळाला आठ्या घालते तिथं जाऊ नका.

तसंच माझी ओळख आहे, मी शब्द टाकतो म्हणणारी माणसं भेटतील. चहा पाजतील, दोन तास गप्पा मारतील. मला भेटलेल्यानं दिग्दर्शकांना कधी फोनच केला नव्हता हे नंतर कळलं. दोन दिवसांच्या शिबिराचं पण तेच, हजारो रुपये घेऊन सर्टिफिकेट देतात, ऑडिशनला ते कुणी हातात पण घेत नाही. मन लावून शिकायचंच असेल तर शिवाजी विद्यापीठात संगीत व नाट्यशास्त्र विभाग आहे, तिथं रीतसर चौकशी करा. नाहीतर एक सीझन विंगेत बसा. गुरू म्हणाल तर भाकरीवाल्या काकूंसारखा शोधा, जो विचारल्याशिवाय सांगत नाही.

2024 च्या जुलैत ऑडिशन ठरलेली आणि पंचगंगा इशारा पातळीच्या, म्हणजे 39 फुटांच्या वर गेली, मग 43 ची धोका पातळी पण ओलांडली. गावाकडनं येणारे अडकले, म्हणून ऑगस्टच्या पहिल्या रविवारवर गेलं. मला या वेळी दोन ओळींचा कागद दिला, दवाखान्याच्या बाहेर बसलेली बाई. सर म्हणाले, तू घरी बोलतीस तसं म्हण. मी म्हटलं. मग म्हणाले, आता तू कुणालातरी हे सांगायला घाबरतीयस. तसं पण म्हटलं. हात मांडीवरच राहिले. भूमिका सात वाक्यांची होती आणि ती मला बुधवारी फोनवर सांगितली. गुरुवारी, 8 तारखेच्या रात्री, केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी खासबाग कुस्ती मैदानाशेजारी बांधलेलं ते थिएटर, आणि दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. आम्ही रस्त्यावर उभे होतो, काकू पण होत्या, त्या पदर तोंडाला लावून नुसत्या बघत होत्या. कुणालाच त्या रात्री आपल्या भूमिकेचं काही वाटत नव्हतं. तालमी मात्र सोमवारी सुरू झाल्या, काकू सगळ्यांच्या आधी आल्या होत्या.

नाव यादीत आलं नाही तर एकदाच, दोन-चार दिवसांनी, फोन करून विचारा की मी काय सुधारू. भांडू नका, रडू नका, विचारा. बहुतेक दिग्दर्शक सांगतात. पहिल्या वर्षी मी हा फोन केला असता तर मला चालीचं तेव्हाच कळलं असतं. यंदाची ऑडिशन मला पण द्यायचीय, सात वाक्यं केली म्हणून कुणी सूट देत नाही, आणि पोटात गोळा अजूनही येतोच.

मी आणि आमच्यातल्या दोघी रविवारी सकाळी साडेसहाला रंकाळ्यावर पदपथ उद्यानाच्या बाजूला बसून वाचतो. कागद सपाट, आवाज सपाट, मग एकमेकींना ओळी देतो. कुणाला यायचं असेल तर या, उतारा हातानं लिहून आणा, विरामचिन्हं न घालता. पाऊस असला तर नाही.